ट्रॅक डेसाठी चाकांची दुसरी जोडी घ्यावी का?

इंदूरच्या विजयनगरात नोकरी करणाऱ्या एका तरुण रायडरचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे केटीएम आरसी ३९० आहे, रोज ऑफिसला तीच गाडी. चेन्नईजवळच्या सर्किटवर एक ट्रॅक डे, म्हणजे शर्यत न लढता सर्किटवर आपली गाडी चालवून शिकण्याचा दिवस, झाला आहे आणि आता थंडीत मित्राच्या पिकअपमधून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जायचं आहे. दिल्लीत कुणीतरी आरसीच्या अलॉय चाकांची वापरलेली जोडी स्वस्तात देतो आहे. ती घ्यावी, की तेच पैसे टायरमध्ये घालावेत?

या खेपेपुरतं माझं उत्तर आहे की पैसे टायरमध्ये घाला. पण तुमची गाडी रस्त्यावरही चालते आणि ट्रॅकवरही, आणि ती पिकअपमधून जाणार आहे. म्हणजे ज्यांना दुसऱ्या जोडीचा खरा उपयोग होतो, त्यांच्यातच तुम्ही मोडता. त्यामुळे हा विषय आज ना उद्या तुमच्यासमोर येणारच आहे. गाड्या ट्रॅकसाठी तयार करणं आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करून दुरुस्त करायच्या जागेत, रायडरच्या मागे उभं राहणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जादा चाकं का हवीत असं विचारलं की बहुतेक जण तीन कारणं सांगतात: पडलो तर, पंक्चर झालं तर, पाऊस आला तर. मला ही तिन्ही कारणं दुबळी वाटतात.

पडण्याचं आधी बघू. ट्रॅक डेला नवशिक्या रायडरचं पडणं बहुतेक वेळा वळणात टायर सुटून गाडी एका अंगावर घसरण्याचं असतं. त्यात लिव्हर मोडते, फूटपेग तुटतो, हँडल वाकतं, फेअरिंग घासतं. चाकाला सहसा काही होत नाही. चाक वाकण्याइतका मार बसला, म्हणजे गाडी खडीतून उलटली किंवा कशावर तरी आदळली, तर पुढचं चाक धरणारा फोर्क, त्याला वर धरणारा ट्रिपल क्लॅम्प आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म यांच्यावरही संशय घ्यावा लागतो. अशा गाडीला पॅडॉकमध्ये दुसरं चाक लावून पुन्हा ट्रॅकवर सोडणारा मेकॅनिक मला चालणार नाही. तिथे दिवस संपलेला असतो. पडण्याच्या भीतीपोटी काही घ्यायचंच असेल तर ब्रेक आणि क्लचची लिव्हर, गिअर लिव्हर आणि एक फूटपेग असे सुटे भाग पिशवीत ठेवा. सगळे मिळून एका चाकाच्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत, आणि दिवस वाचवतात ते हेच.

पंक्चर झाडलेल्या ट्रॅकवर क्वचित होतं. झालंच तर रस्त्यावर मारतो तशी रबराची वात मारून ट्रॅकवर जायचं नाही, एवढं पक्कं धरा. गाडी वळणात झुकलेली असताना त्या जागेवर येणारा ताण आणि उष्णता ही वात किती वेळ सोसेल, याचा काही भरवसा नसतो. मोठ्या ट्रॅक डेला टायर बदलून देणारा माणूस यंत्र घेऊन आलेला असतो, छोट्यांना नसतो. आयोजकाला आधी फोन करून हे विचारून घ्या. टायरवाला असेल तर एक जादा टायर नेला की काम भागतं, अख्खं चाक लागत नाही.

पावसासाठी खास रेन टायर आपल्या मध्यम गाड्यांच्या मापात सहज मिळत नाहीत. चांगल्या कंपनीचा खाचा असलेला रेडियल टायर ओल्यात सांभाळून चालवायला पुरतो. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस असतात, त्या काळात जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. शर्यत लढणाऱ्याला तो पाऊस टाळता येत नाही. तुम्ही शिकायला जाता आहात, तेव्हा जोराची सर आली तर एक सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, सोडून द्या.

दुसरी जोडी घेण्याचं एकच भक्कम कारण मला पटतं. एकाच गाडीला दोन प्रकारचे टायर लागतात, एक रस्त्याला आणि एक ट्रॅकला. आपल्या रिंग रोडवर आणि एबी रोडवर गाडी जवळपास सरळच धावते, त्यामुळे टायर मधोमध झिजून सपाट होतो. तोच टायर ट्रॅकवर नेला की झुकवताना सपाट भागाच्या कडेवरून गाडी एकदम खाली पडल्यासारखी वाटते आणि रायडरचा विश्वास उडतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ट्रॅकसाठी घेतलेला मऊ टायर ऑफिसला वापरला तर महागडं रबर मधूनच संपतं आणि कडा कोऱ्या राहतात. शिवाय असा टायर गरम झाल्याशिवाय पकडत नाही. सकाळी घरून पलासियापर्यंत जाताना तो गरम होतच नाही, म्हणजे ऐन गर्दीत तुम्ही कमी पकडीवर चालवत असता. स्लिक, म्हणजे खाचा नसलेला शर्यतीचा टायर, तर रस्त्यावर चालवायचाच नसतो.

मग प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी टायर उतरवून दुसरा चढवायचा आणि परत आल्यावर पुन्हा तेच करायचं. असं वारंवार केलं की टायरची बीड, म्हणजे रिमला धरून ठेवणारी कड, दुखावते. रिमवर टायर लिव्हरचे ओरखडे उठतात, बॅलन्सिंग दर वेळी नव्याने करावं लागतं. सतरा इंची रेडियल टायर रिमला प्लास्टिकचे गार्ड लावून, साबणाचं पाणी वापरून, बीड न दुखवता चढवणारे हात इंदुरात आहेत, पण बोटांवर मोजण्याइतके. वर्षातून एकदाच ट्रॅकवर जाणार असाल तर ही कटकट सोसावी. तीन-चार वेळा जायला लागलात की दुसरी जोडी स्वतःचे पैसे वसूल करते, कारण मग घरीच तासाभरात गाडी रस्त्याची ट्रॅकची होते.

ज्यांची गाडी फक्त ट्रॅकचीच आहे, नंबर प्लेट काढून ठेवलेली, त्यांना हे कारण लागू होत नाही. जे इंदूरहून गाडी चालवत ट्रॅकला जातात त्यांनाही नाही, कारण मग ती चाकं नेणार कशात? ग्रेटर नोएडा इथून आठशे किलोमीटरच्या आसपास, चेन्नई त्याच्या जवळपास दुप्पट. इतकं चालवून थकलेला माणूस आणि मधोमध घासलेला टायर हे दोन्ही ट्रॅकवर नेण्याच्या लायकीचे नसतात. तुम्ही पिकअप ठरवलीत हे फार बरं केलंत.

पीथमपूरचा नॅट्रॅक्स इतका जवळ असताना एवढं लांब कशाला, असं घरचे विचारतात. २०२१ मध्ये सुरू झालेला तिथला ११.३ किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेला लंबगोल आहे, उंच कडेचा. वळण घेण्याची, ब्रेक मारत झुकण्याची शिस्त तिथे शिकता येत नाही. त्यासाठी बुद्धचा ५.१२५ किलोमीटरचा, चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा किंवा कोइमतूरजवळचा २.१ किलोमीटरचा कारी यांसारखं डाव्या-उजव्या वळणांचं सर्किटच लागतं.

आता मुख्य मुद्दा. लोक स्वस्तात मिळाल्या म्हणून दोन रिम विकत घेतात आणि आपल्याकडे जादा चाकं आहेत असं समजतात. रिम म्हणजे चाक नाही. जादा चाक त्यालाच म्हणावं, जे दोन सेशनच्या मधल्या वेळात गाडीवर चढतं आणि जुन्या चाकातला एकही भाग काढून घेत नाही. पुढच्या चाकाला स्वतःची डिस्क हवी, एबीएसची दातेरी रिंग हवी, दोन्ही बाजूंची बेअरिंग, धूळ अडवणारी सीलं आणि चाक जागेवर ठेवणारे स्पेसर हवेत. मागच्या चाकाला हे सगळं तर हवंच, शिवाय स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, ज्यावर बसतं ते कॅरिअर, त्याचं बेअरिंग, आतली हब रबरं आणि स्प्रॉकेट हवं. एक्सल तेवढा एक चालतो. यातलं काहीही कमी असेल तर पॅडॉकमध्ये उन्हात बसून डिस्कचे बोल्ट खोलावे लागतात. त्यांना लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणूनचा गोंद, लावलेलं असतं, घाईत बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग ना हे चाक ना ते. म्हणून जोडीची किंमत विचारताना रिमची किंमत विचारू नका. लागणाऱ्या प्रत्येक भागाची यादी करून बेरीज मांडा. डिस्क आणि कॅरिअर धरल्यावर आकडा बहुतेकांच्या अंदाजाच्या पुढे जातो.

स्पेसरबद्दल दोन शब्द. डाव्या आणि उजव्या बाजूचे स्पेसर बऱ्याच गाड्यांत वेगळ्या लांबीचे असतात. उलटे बसले तरी एक्सल आत जातो, नट आवळला जातो, आणि चाक काही मिलिमीटर सरकून डिस्क कॅलिपरला, म्हणजे ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाला, घासू लागते. प्रत्येक चाकाचे स्पेसर त्याच चाकाला चिकटपट्टीने बांधून ठेवा, वर डावं-उजवं लिहा.

डिस्क आणि ब्रेक पॅड यांचं नातं लोक सर्वांत जास्त दुर्लक्षित करतात. पॅड ज्या डिस्कवर घासून बसतो त्या डिस्कच्या झिजेशी त्याचा पृष्ठभाग जुळलेला असतो. तेच पॅड दुसऱ्या, वेगळ्या झिजलेल्या किंवा कोऱ्या डिस्कवर लावले की पहिल्या काही ब्रेकमध्ये पॅडचा थोडाच भाग टेकतो आणि ब्रेक लाकडासारखा लागतो. बुद्धची मागची सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे, तिच्या टोकाला वेग पुष्कळ असतो आणि तिथे हा धडा शिकायचा नाही. डिस्कच्या प्रत्येक जोडीबरोबर पॅडची स्वतंत्र जोडी ठेवा आणि नवी जोडगोळी आधी हळू वेगात, वाढत्या जोराने ब्रेक मारत बसवून घ्या. तुमच्याबाबतीत तर ट्रॅकसाठी वेगळे, जास्त उष्णता सोसणारे पॅड लागतीलच, तेव्हा ही विभागणी आपोआप होते.

चेनचंही तसंच आहे. जुनी, ताणलेली चेन कोऱ्या स्प्रॉकेटवर चढवली तर स्प्रॉकेट लवकर खराब होतं. दोन्ही चाकांवरची स्प्रॉकेट साधारण सारखी झिजलेली असावीत किंवा ट्रॅकच्या चाकाबरोबर वेगळी चेन ठेवावी. काही अनुभवी रायडर ट्रॅकच्या चाकावर एक-दोन दात जास्तीचं स्प्रॉकेट लावतात, वळणातून बाहेर पडताना जोर मिळावा म्हणून. तसं करायचं असेल तर एक्सल मागच्या खाचेत कुठे येतो, चेनची लांबी पुरते का, हे घरीच लावून बघा. शिकण्याच्या काळात मात्र दोन्हीकडे एकच दातसंख्या ठेवा, म्हणजे गिअर कुठे बदलायचा ही सवय मोडणार नाही.

टायरचं माप बदलण्याचा मोह होईल. आरसीला मागे १५०/६० बसतो, तिथे १६०/६० घालून गाडी भारदस्त दिसते. पण तिची मागची रिम चार इंची आहे. रुंद टायर तिच्यावर चिमटला जातो, त्याचा गोलवा बदलतो आणि कडेचं रबर जमिनीला नीट टेकतच नाही. शिवाय टायरचा व्यास १२ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे घेर साधारण दोन टक्क्यांनी. पुढच्या-मागच्या चाकांचा वेग ताडून निर्णय घेणाऱ्या एबीएसला आणि ट्रॅक्शन कंट्रोलला हा फरक फसवू शकतो. कंपनीने दिलेलंच माप ठेवा. एबीएस रिंगच्या दातांची संख्याही तीच हवी, नाहीतर दिवा लागतो आणि यंत्रणा बंद पडते.

फक्त मागचंच जादा चाक घेतलं तर? मागचा टायर लवकर संपतो, म्हणून हा विचार गैर नाही. पण मागे ट्रॅकचा मऊ टायर आणि पुढे रस्त्याचा कडक टायर ही जोडी मला मान्य नाही. मागची पकड वाढली की रायडर वेग वाढवतो आणि वळणात शिरताना भार पुढच्या टायरवर येतो, तोच कमजोर. मागचा टायर सुटला तर पुष्कळदा सावरता येतं, पुढचा सुटला तर क्वचितच. घ्यायची तर दोन्ही घ्या.

चाक बदलण्याच्या कामाचीही तयारी लागते. ट्रॅक डेला साधारण पंधरा-वीस मिनिटांचं सेशन असतं आणि मग इतर ग्रुप जातात तेवढी उसंत मिळते. पुढचं आणि मागचं पॅडॉक स्टँड, योग्य मापाचे सॉकेट आणि ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क रेंच असेल तर सरावलेला माणूस त्या उसंतीत दोन्ही चाकं बदलतो. पहिल्यांदा करणाऱ्याने घरीच दोनदा करून बघावं. बहुतेक रस्त्याच्या गाड्यांत पुढचं चाक काढताना कॅलिपर खोलून बाजूला घ्यावा लागतो. तो होजवर लोंबकळत सोडू नका, दोरीने बांधा, आणि चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हरला हात लावू नका. एक्सल बसल्यावर, त्याला फोर्कमध्ये घट्ट धरणारे पिंच बोल्ट आवळण्याआधी फोर्क दोन-तीन वेळा दाबा, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. आवळण्याचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नाही. आणि सगळं झाल्यावर, गाडी स्टँडवरून उतरण्याआधी, पुढची लिव्हर आणि मागचा पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. कॅलिपरचे पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला लिव्हर थेट हँडलला टेकते. पिट लेनमधून बाहेर पडून पहिल्या वळणाला हे कळणं म्हणजे जिवावरचं आहे. मी तपासत असलो तरी रायडरने स्वतः पंप करून बघावं, असा माझा आग्रह असतो.

हवेचा हिशेब जादा चाकं असोत नसोत, शिकावाच लागतो. लोक ‘थंड टायरमध्ये ३० पीएसआय’ एवढंच पाठ करतात, पण थंड म्हणजे किती थंड? डिसेंबरच्या सकाळी नोएडात १० अंशांना ३० भरले आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली तर गेज जवळपास ३८ दाखवेल. चेन्नईच्या दुपारी ३५ अंशांना तेच ३० भरले तर ६० अंशांना ३४ च्या आत राहील. भरलेले आकडे सारखेच, पण ट्रॅकवर चार पीएसआयचा फरक. म्हणून सेशन संपवून पिटमध्ये आल्याबरोबर गरम टायरचं प्रेशर मोजायचं आणि टायर कंपनीने सांगितलेल्या गरम आकड्याला जुळवायचं. जादा चाकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. इंदुरात २५ अंशांना ३० भरून नेलेलं चाक नोएडात पहाटे ८ अंशांना साडेसत्तावीसच्या आसपास दाखवेल. टायर गळतोय असं समजून घाबरू नका, आणि न मोजता लावूही नका. व्हॉल्व्ह धातूचे घाला आणि आत रबरी सील असलेली टोपी लावा, कारण मोठ्या वेगात साधा रबरी व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला ताणला जातो.

टायर वॉर्मरचा, म्हणजे टायर तापवणाऱ्या विजेच्या वेष्टनांचा, नाद सध्या नको. ते स्लिक आणि तत्सम टायरांसाठी असतात, पाऊण-एक तास लावून ठेवावे लागतात, आणि जोडीला साधारण हजार वॉट वीज खातात, म्हणजे जनरेटर आला. रस्त्यावर चालणारा चांगला स्पोर्ट रेडियल दोन शांत फेऱ्यांत गरम होतो.

टायर घेताना कडेवरचा चार आकडी शिक्का बघा. २४२३ म्हणजे २०२३ च्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटरसायकलसह अनेक प्रकारच्या नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याची अट घातली आणि तेव्हापासून परदेशी टायर हवा तेव्हा हवा तो मिळेलच असं धरून चालता येत नाही. आधी टायर हातात येऊ द्या, मग चाकाचा विचार करा. रिकाम्या रिम भिंतीला टेकून वर्षभर पडून राहिलेल्या मी खूप पाहिल्या आहेत.

एक पैशाची बाजू राहिली. आपल्याकडच्या मोटर विम्याच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, वेग-चाचणी वगैरे वापर वगळलेले असतात. तुमच्या पॉलिसीतला ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग नीट वाचा. ट्रॅकवर झालेलं नुकसान स्वतःच्याच खिशातून भरायचं आहे असं धरून बजेट करा. त्या दृष्टीनेही पैसे हाताशी राखलेले बरे.

तेव्हा या थंडीच्या खेपेला माझा क्रम असा: गाडीच्या मूळ मापाचा, रस्त्यालाही चालेल असा स्पोर्ट रेडियल टायर पुढे-मागे नवा घाला आणि जाण्याआधी शे-दोनशे किलोमीटर चालवून त्याची चकाकी उतरवा. नवं ब्रेक ऑइल टाका, कारण जुनं, ओलावा शोषलेलं ऑइल सततच्या ब्रेकिंगमध्ये उकळतं आणि लिव्हर मऊ पडते. ट्रॅकला चालतील असे पॅड घाला. चाकांची बेअरिंग तपासा. दोन्ही स्टँड, टॉर्क रेंच आणि एक विश्वासाचा प्रेशर गेज घ्या. हे सगळं पुढे जादा चाकं आली तरी लागणारच आहे, त्यामुळे एक रुपयाही वाया जात नाही. बुद्धहून परत आल्यावर टायर बघा. ही सर्किटं घड्याळाच्या दिशेने चालतात, उजवी बाजू जास्त खाल्लेली दिसेल. कडेपर्यंत रबर वापरलं गेलं असेल आणि पुढच्या वर्षी तीन-चार वेळा जायचं पक्कं असेल, तर तुम्ही ट्रॅकच्या टायरला आणि म्हणून दुसऱ्या जोडीला पात्र झालात.

राहिली ती दिल्लीची जोडी. ट्रॅक डेला तिकडे जाणारच आहात, तर बघून यायला हरकत नाही, पण फोटोवर पैसे पाठवू नका. करोल बागेत काय किंवा इतर शहरांतल्या बाजारांत काय, वापरलेली चाकं बऱ्याचदा अपघातग्रस्त गाड्यांची असतात. आधी साल विचारा. आरसी ३९० ची पुढची डिस्क २०१७ च्या बदलात ३०० मिलिमीटरवरून ३२० झाली, आणि २०२२ मध्ये भारतात आलेल्या नव्या पिढीत चाकं आणि डिस्कची बसवणी पुन्हा बदलली. दिसायला सारखी म्हणून घेतलेली चाकं कॅलिपरशी जुळत नाहीत. पार्ट नंबर जुळवा, केटीएमच्याच ड्यूकची चाकं म्हणून कुणी देत असेल तरीही.

मग रिम बघा. एक्सल घालून चाक फिरवा आणि कडेजवळ एखादा स्थिर टोकदार दांडा धरा. लचक मोजणारा डायल गेज असेल तर उत्तमच. डावी-उजवी आणि वर-खाली लचक मॅन्युअलच्या मर्यादेत हवी, ती साधारण एक ते दोन मिलिमीटरच्या घरात असते. कडेला आतून बोट फिरवा, ठोकून सरळ केलेल्या जागी लाट लागते. हायवेवर ठिकठिकाणी अलॉयचा बेंड काढून देणारे बसलेले असतात. ओतीव ॲल्युमिनियम एकदा वाकलं आणि परत ठोकलं की आत बारीक चिरा पडू शकतात. अशी रिम रस्त्यावर कुणी वापरत असेल तर तो त्याचा प्रश्न, ट्रॅकवर आणि त्यातही पुढच्या चाकाला ती वापरायची नाही. वेल्ड केलेली तर फुकट दिली तरी नको. नव्याने रंगवलेल्या रिमकडे जास्त संशयाने बघा, रंगाखाली चीर झाकली जाते. शंका असेल तर लाल रंग आणि पांढऱ्या डेव्हलपरची चिरा दाखवणारी डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्या. आपल्या सांवेर रोडच्या आणि पीथमपूरच्या कारखान्यांत वेल्डिंग तपासायला हीच रोज वापरतात, अर्ध्या तासाचं काम आहे. रंग मात्र आधी उतरवावा लागतो. स्पोक जिथे हबला आणि कडेला मिळतात, त्या जागा आधी तपासायला सांगा.

डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. तिच्या जवळ आली असेल तर किमतीतून डिस्क वजा करा. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर किंवा अडखळ लागली तर ती बदलायची. मी तर जुन्या चाकातली बेअरिंग नवीन टाकायचीच असं धरून भाव ठरवतो. बसवताना हब जरा गरम करून, बाहेरच्या रिंगवर दाब देऊन बसवा. आतल्या रिंगवर ठोकलं तर नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. आणि मागच्या चाकाबरोबर स्प्रॉकेट कॅरिअर, हब रबरं आणि स्पेसर मिळत नसतील तर जोडी कितीही स्वस्त असो, तिथेच राहू द्या.